तेरहाची साठ वर्षं

जगाला किती वर्षं झाली हे आमच्या शाळेत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच माणसाला माझ्या भावाचं वय ठरवायला चार महिने लागले. मी अजून चिडलेली आहे. लोक म्हणतात, बाई, आता सोडा, सर गेले, त्यालाही किती वर्षं झाली. मी म्हणते, किती झाली ते मला विचारू नका. वर्षं मोजायचं काम त्यांचं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोरेगावच्या पुढं आमचं गाव, गावातच हायस्कूल. मी गणित शिकवायची, सर इतिहास. मूळचे कडेगावकडचे. तरुणपणी फौजेत शिक्षण हवालदार होते आणि महायुद्धात त्यांची पलटण इराकात बसऱ्याकडं होती. पलटणीत मिरजेकडचा एक ख्रिस्ती कंपाउंडर होता. त्याची बदली झाली तेव्हा जाताना तो आपलं मराठी बायबल यांच्याकडं ठेवून गेला. वाळवंटात दुसरं वाचायला काय असणार? यांनी ते वाचलं. नुसतं वाचून गप्प बसले असते तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

त्यांना त्यात देव सापडला नाही. देव त्यांच्याकडं होताच, घरी देव्हाऱ्यात जोतिबा होता आणि रोज आंघोळ करून ते त्याला फूल वाहायचे. त्यांना सापडली वयं. आदाम एकशेतीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला शेथ झाला. शेथ एकशेपाच वर्षांचा झाला तेव्हा अनोश. अनोश नव्वदाचा, तेव्हा केनान. बाप किती वर्षांचा असताना पोरगं झालं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं. बेरीज करत या, की आदामापासून जलप्रलयापर्यंत एक हजार सहाशे छप्पन्न वर्षं होतात. "आवं बाई, हे पलटणीच्या नोंदवहीसारखं हाय," ते मला म्हणायचे. "कोन कवा भरती झाला, कोन कवा गेला, सगळं लिवलंय. दुसऱ्या कुठल्या पोथीत हाय सांगा बरं?"

त्या सांगाड्यावर ते साऱ्या जुन्या जगाचा इतिहास टांगत होते. पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका खळीनं जोडून त्यांनी एक गुंडाळी केली होती. एक इंच म्हणजे दहा वर्षं. आदामापासून आजपर्यंत पन्नास फूट. मधल्या रकान्यात बायबलातली माणसं, एका बाजूला मिसर म्हणजे इजिप्त, दुसऱ्या बाजूला इराकातली जुनी राज्यं, बाबेल आणि अश्शूर. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात ते ती गुंडाळी उलगडायचे. सातवीच्या दारात आदाम असायचा आणि पाण्याच्या टाकीपाशी आपण. आपलं मराठ्यांचं राज्य शेवटच्या दोन हात कागदात उरकायचं. पोरं वरून उड्या मारायची, तेव्हा ते ओरडायचे, "आरं, बाबेलवर पाय देऊ नगंस!"

एकदा संस्थेचे अध्यक्ष आले. चाळीस एकर ऊस, पांढरी टोपी, आवाज मोठा. गुंडाळी बघून म्हणाले, "सर, ह्यात आपला राम कुठंय?"

सर म्हणाले, "राम झाला तवा दशरथाचं वय किती, तेवढं आणा. आत्ता घालतो."

"साठ हजार वर्षं म्हणत्यात."

"मग पाचशे फूट कागद लागंल, साहेब. एका दशरथालाच. संस्था देती का?"

अध्यक्ष लालबुंद झाले. मी फळ्यामागं तोंड लपवून हसले. खोटं कशाला सांगू, त्या काळात मला हा माणूस आवडायचा.

त्यांची एक भयंकर सवय होती. भेटलेल्या माणसाला लोक राम राम म्हणतात, हे विचारायचे, "तुमी झालात तवा तुमचे वडील किती वर्षांचे हुते?" एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. एकदा तर मयताला. कुणालाच सांगता यायचं नाही. "मोठा दुष्काळ पडलावता बघा," "थोरल्या आत्याचं लगीन झालं त्या साली," असली उत्तरं. सर कपाळावर हात मारायचे. "आरं, चार हजार वरसांमागच्या माणसाच्या बापाचं वय मला ठावं हाय, आन् तुला तुझ्याच बापाचं न्हाई?" पायजम्यावर तो पलटणीतला खाकी कोट, उन्हाळ्यातसुद्धा, आणि खिशात डायरी. उत्तर मिळालं की डायरीत, नाही मिळालं की डायरीत फुली.

बेरजा तपासायचं काम माझं होतं. ऑफ तासाला ते कागद घेऊन यायचे आणि मी मोजून द्यायची. एका दुपारी आले ते तोंड उतरलेलं. म्हणाले, "मथुशलह मोजा." मोजला. नऊशे एकोणसत्तर वर्षं जगलेला म्हातारा. मोजता मोजता माझ्या लक्षात आलं, तो मेला तेच जलप्रलयाचं साल. प्रलयातून माणसं-जनावरं वाचवायला जहाज, म्हणजे तारू, बांधणाऱ्या नोहाचा तो सख्खा आजा.

"नातवानं जनावरं आत घेतली," सर म्हणाले, "आन् म्हातारं भाईर ऱ्हायलं का काय, बाई?"

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी समजूत घालायला म्हटलं, "पाऊस सुरू व्हायच्या आधीच गेला असेल, सर."

"पुरावा?" ते म्हणाले. आणि मथुशलहाच्या नावापुढं पेन्सिलीनं एक टिंब देऊन जागा रिकामी ठेवली.

हे टिंब मला गोड वाटलं होतं. मूर्ख मी.

आता माझ्या भावाचं ऐका. आमचे तात्या फौजेत होते. पेन्शनीवर आले आणि तीनच वर्षांत काविळीनं गेले. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. त्याला तात्यांच्याच पलटणीत जायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पहिल्या भरतीला छाती अर्ध्या इंचानं कमी भरली. वर्षभर पोरानं दूध-अंडी खाल्ली, दंड-बैठका मारल्या, पहाटे माळावर पळाला. पुढची भरती सांगलीला होती, तीन आठवड्यांवर. शाळेचा दाखला काढायला गेलो आणि कळलं, दाखल्याप्रमाणं त्याचं वय दोन महिन्यांनी जास्त होतंय. संपलं.

दाखल्यावरची तारीख खोटी होती. आमच्याकडं अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा आहे. का, तर शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक? गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं. लिहा एक जून. माझ्या भावाचे हात जन्मापासून लांब. पाच पुरी व्हायच्या आत त्यानं कान धरला आणि गुरुजींनी त्याला सहा वर्षांचा केला. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि हायस्कूलचं रजिस्टर कुणाच्या ताब्यात? सरांच्या. अक्षर मोत्यासारखं, माणूस पैचा लबाड नाही, म्हणून हेडसरांनी कपाटाची किल्लीच त्यांना दिलेली.

मी गेले. म्हटलं, "सर, आई सांगते, पोरगं नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालं. शाळेत घातलं तेव्हा पाचही पुरी नव्हती."

"वैनी खोटं बोलायच्या न्हाईत," ते म्हणाले.

"मग लिहा की दाखल्यावर खरं साल."

"कंचं? वैनींना दिवस आठवतोय, वरीस न्हाई. वरीस काढाय पायजे."

हेडसर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "अहो, लिहून टाका. मी सही करतो. पोरगं चांगलं पळतंय."

लक्षात घ्या. हेडसर तयार होते. गाव तयार होतं. एका ओळीचं काम होतं. सर म्हणाले, "एक वरीस हालवलं तर सगळं हालतंय, बाई. मला वाटलं म्हनून लिवलं, त्याला इतिहास म्हणत न्हाईत. खरं काढू आन् मग लिवू."

"तीन आठवड्यांत काढाल?"

"काढाय लागलो तर निघतंय," ते म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी डायरी घेऊन आमच्या दारात हजर झाले.

सोप्यात बसले. शेजारच्या दोन म्हाताऱ्या कान देऊन बसलेल्या. आणि या विद्वानानं माझ्या विधवा आईला विचारलं, "वैनी, ह्ये पोरगं श्रावणातलं. म्हंजे तात्या त्याच्या आदल्या दिवाळीत सुट्टीवर आलं असणार. तर ती दिवाळी कंची?"

आईनं पदर ओढला आणि ती थेट आत गेली. म्हाताऱ्या फिदीफिदी हसल्या. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि सरांना आत घ्यावं, मला नव्हे. मी म्हटलं, "सर, लाज नाही वाटत?"

"लाज कशाची? बाप सुट्टीवर आल्याबिगर पोरगं हुतंय व्हय?"

आतून दाराआडून आईचा आवाज आला, "म्हनावं, काळी म्हस पैल्यांदा व्याली त्या दिवाळीत."

"कंची काळी?" सर डायरी सरसावत म्हणाले.

झालं! आठवडाभर हा माणूस आमच्या म्हशीची वंशावळ काढत गावभर हिंडला. काळी कुठून घेतली, तिची आई कुणाची, तिला किती वेतं झाली. ज्यानं विकली तो म्हणे औंधच्या जत्रेला विकली, पण कुठल्या साली ते त्याच्या बायकोला विचारा. बायको म्हणे थोरलीच्या लग्नाआधी. म्हशीवरून दोन सालं निघाली आणि त्यातलं एक खरं. सर पोचले तिथवर. पण दोनातली कुठली ते ठरेना, म्हणून त्यांनी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं: अमुक नंबरचा नाईक या दोन सालांपैकी कुठल्या दिवाळीत सुट्टीवर गेला होता, ते कृपया कळवावे.

मी हात जोडले. "सर, पाया पडते. दोनातलं तुम्हाला जे वाटतं ते लिहा."

"उत्तर येऊ द्या," ते म्हणाले.

भाऊ जुनाच दाखला घेऊन सांगलीला गेला. मीही रजा टाकून गेले. मैदानाच्या कडेला बाभळीखाली उभी होते. तो पळण्यात पहिला आला. छाती भरली, वर एक इंच जास्त. त्यांनी त्याच्या उघड्या छातीवर जांभळ्या शाईनं नंबर लिहिला आणि तो नंबर मला लांबून दाखवत तो हसला. मग टेबलावरच्या हवालदारानं दाखला बघितला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. भाऊ काहीतरी सांगत होता. बहुतेक म्हशीचं सांगत असावा. हवालदारानं त्याला हातानं बाजूला केलं.

घरी आल्यावर आईनं पाणी तापवलं, दगडानं घासलं, पण शाई काही केल्या जाईना. पाच-सहा दिवस तो नंबर छातीवर घेऊन तो शेतात जात होता. सदरा काढायचा नाही.

आणि मग, तीन महिन्यांनी, भर दुपारी सर धावत आले. हातात तपकिरी पाकीट. भाऊ गोठ्यापुढं वैरण तोडत होता. "घावलं!" सर ओरडले. "बाई, घावलं! आदल्या दिवाळीला तात्या सरहद्दीवर हुते, सुट्टीच न्हवती. त्याच्या म्होरच्या दिवाळीत एक महिना रजा. कागदावर शिक्का हाय! चौदा महिन्यांचा फरक!" इतका आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी बायबलातल्यासारखं ठणठणीत वाक्य म्हटलं, "तात्या एकतीस वर्षांचे झाले तवा तू झालास."

भावानं कोयता खाली ठेवला. हात पुसले. "म्हंजे सर, मी बसत हुतो?"

"व्हय रं! चांगलं वरीसभर शिल्लक हुतं."

भाऊ कोयता उचलून पुन्हा वैरण तोडायला लागला. मी बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई बाहेर येऊन माझं तोंड दाबायला लागली.

तुम्ही म्हणाल, वर्ष शिल्लक होतं तर पुढच्या भरतीला पाठवायचं. तेच म्हटलं मी. हेडसर अजूनही गुपचूप सही करायला तयार होते. पण सरांना गुपचूप कसं चालेल? आता त्यांच्याकडं पुरावा होता! त्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं पत्र जोडून वर रीतसर अर्ज केला. सहा महिन्यांनी उत्तर आलं: विद्यार्थ्याने शाळा सोडलेली असल्याने जन्मतारखेत बदल करता येणार नाही. आणि हेडसरांनी अंग काढून घेतलं. "आता वरच्यांच्या नजरेत आलंय, बाई. आता सही केली तर माझी नोकरी जाईल." पुढची भरती आली आणि गेली. खरी तारीख सापडली आणि ती सापडल्यामुळंच कायमची बाद झाली.

भाऊ सांगलीला हळदीच्या एका वखारीवर राखणदार म्हणून लागला. तिथं खाकी सदरा होता. त्यानं तो आनंदानं घातला, आणि त्यानं तो आनंदानं घातला म्हणून मला जास्त संताप आला.

त्याच साली सरांनी निवृत्तीआधी गुंडाळीची पक्की प्रत केली, काळी-लाल शाई वापरून. व्हरांड्यात उलगडली. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण बेरजा माझ्या होत्या, म्हणून बघायला उभी राहिले. आणि थांबले. अब्राहामाचा जन्म मी मोजून दिला होता, आदामापासून एक हजार नऊशे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. इथं लिहिलं होतं दोन हजार आठ. मागं गेले. अब्राहामाचा बाप तेरह. तो सत्तर वर्षांचा होता तेव्हा पोरगं झालं, असं पुस्तकात आहे, मी स्वतः वाचलेलं. सरांनी सत्तर खोडून एकशेतीस केले होते.

"सर," मी म्हटलं, "तेरहाला साठ वर्षं कुठून दिलीत?"

ते एकदम सावध झाले. "ते मागनं मोजलंय. तेरह मेला दोनशेपाच वर्षांचा. पोरगं तवा पंच्याहत्तराचं. वजा करा, एकशेतीस ऱ्हातंय. सत्तर धरलं तर पुढचं जुळत न्हाई."

"जुळत नाही म्हणून बदललंत?"

"आवं, पुस्तकात दोन्ही हाय..."

"कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलंत? तेरहाच्या म्हशीचं कुणाला विचारलंत?" माझा आवाज चढला तशी पोरं वर्गातून बाहेर आली. "एका दुपारी, बसल्या जागी, जुळत नाही म्हणून त्याला साठ वर्षं दिलीत. माझ्या भावाला एक देववलं नाही तुम्हाला! एक!"

सर आदामापाशी खाली बसले. म्हणाले, "तेरहाचं चुकलं तर तेरहाला कुठं भरतीला जायचंय, बाई? जित्या माणसाला जायाचं हुतं. चुकीचं लिवलं असतं आन् पकडलं असतं तर पोरगं तुरुंगात गेलं असतं, असं वाटलं मला. मी भ्यालो."

चार महिने पुरावा-पुरावा करत हिंडला तो माणूस, आणि शेवटी काय, तर भ्यालो. हेच पहिल्या दिवशी म्हणाला असता तर मी दुसरा मार्ग काढला असता. मी त्यांना तिथंच सोडून निघून गेले. त्यानंतर त्यांची एकही बेरीज मी तपासली नाही, आणि त्यांनी दुसऱ्या कुणाकडं दिलीही नाही. गुंडाळी तशीच राहिली.

पण एक सांगायला हवं, नाहीतर मीच खोटी ठरेन. पुढच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी सर कोरेगावहून एसटीनं सांगलीला गेले. वखारीवर भावाला गाठलं. कागदात बांधलेला गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आज तुला बावीस पुरी झाली. तात्या एकतीस वर्षांचे झाले तवा तू झालास." आणि परतीच्या गाडीनं माघारी. मग दर वर्षी. निवृत्तीनंतरही, डोळे गेल्यावर नातवाचा खांदा धरूनही. माझं लग्न होऊन मी सांगलीत आले, तेव्हा भाऊ त्यांना चहाला माझ्याकडं घेऊन यायचा. मी चहा द्यायची, पण तोंड फिरवून. भाऊ मात्र त्यांच्या पाया पडायचा. मी म्हणायची, "अरे, पाया काय पडतोस? तुझं आयुष्य खाल्लं या माणसानं." तो म्हणायचा, "आक्का, गावात माझं खरं वय ह्यांनाच ठावं हाय."

सर गेले ते उन्हाळ्यात. त्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मी बाजारात गेले होते. वखारीवरून येताना पाहिलं तर भाऊ दाढी करून, धुतलेला खाकी सदरा घालून पायरीवर बसलेला. रस्त्याकडं बघत होता. मला बघून उठला, मग पुन्हा बसला.

मला असा काही राग आला! सरांचा, त्याचा, त्या कान धरायला लावणाऱ्या गुरुजींचा, साऱ्यांचाच. तशीच माघारी वळले, गुळाच्या पेठेत गेले, एक खडा तोडून घेतला, घासाघीसही केली नाही. परत येऊन त्याच्या हातावर आपटला.

"आज तुला एक्केचाळीस पुरी झाली," मी म्हटलं.

त्यानं गूळ तोंडात घातला नाही. हातावर तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. तो कशाची वाट बघतोय ते मला कळत होतं, आणि तेवढं मी म्हणणार नाही असं मी ठरवलं होतं.

"तात्या एकतीस वर्षांचे झाले," मी म्हटलं, "तेव्हा तू झालास."

मग त्यानं गूळ खाल्ला.